पेच्चीला चढवलेली बाटली

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे हे माझ्या आवाजावरूनच तुम्हाला कळेल. मी डायलिसिसची मशीन आहे. मदुरैच्या एका धर्मादाय रुग्णालयात, तळमजल्यावर, काचेच्या दारापासून तिसऱ्या खुर्चीजवळ मी उभी असते. माझ्या चाकांना गंज चढला आहे आणि एक बटण चिकटपट्टीने जागेवर धरून ठेवलेले आहे. इथे सगळे मला अळुमूंजी म्हणतात, म्हणजे रडतोंडी. नाव ठेवणाऱ्यांचा मला राग नाही, कारण मी रडते हे खरेच आहे.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला तीन कामे शिकवली. माणसाचे रक्त एका नळीने बाहेर घ्यायचे, ते गाळून दुसऱ्या नळीने परत द्यायचे आणि काही बिनसले तर ओरडायचे. गप्प कसे बसायचे ते मला कुणी शिकवले नाही. ते शिकवले असते तर ही गोष्ट वेगळी झाली असती, आणि वाईटही झाली असती.

चौदा वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा माझा थाट काय सांगू. विश्वस्तांनी नारळ फोडला, माझ्या कपाळावर चंदन-कुंकू लावले, गळ्यात मोगऱ्याचा हार घातला आणि चाकांखाली लिंबे ठेवली. ज्यांची मूत्रपिंडे काम करीत नाहीत अशी माणसे आठवड्यातून तीनदा येत, चार-चार तास माझ्याजवळ बसत आणि हलकी होऊन घरी जात. जाताना कुणी माझ्या अंगावरून हात फिरवी. पुढे नव्या मशिनी आल्या. त्यांचे पडदे रंगीत आणि आवाज देवळातल्या घंटीसारखे गोड. माझे मात्र वय झाले तसे किंचाळणे वाढले. खरे कारण असले तरी ओरडायचे, नसले तरी ओरडायचे. मग आमची तंत्रज्ञ आरोक्यमेरी येई, माझ्या पाठीत एक धपाटा घाली आणि आवाजाचे बटण दाबून निघून जाई. तिचेही बरोबर होते. आठ खुर्च्या आणि ती एकटी.

सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहा वाजता माझ्या खुर्चीत पेच्चीअम्माळ बसे. वय एक्केचाळीस. तिरुमंगलमच्या अलीकडे तिचे गाव. बाजारासाठी मोगरा गुंफायचे तिचे काम. इथे गजरा मुळाने, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून विकतात. पेच्चीच्या डाव्या हातात माझ्या सुया जातात, म्हणून ती उजव्या हातानेच मोजते आणि चार बोटे जास्तच देते. तिचा नवरा सुडलैमुत्तू मालाची रिक्षा चालवतो. तिला पाणीसुद्धा घोट मोजून प्यावे लागते हे ठाऊक असूनही तो तिच्यासमोर उभा राहून फुर्रफुर्र कॉफी पितो, आणि ती त्याला म्हणते, "प्या, प्या, माझ्या वाटची पण प्या. पुढच्या जन्मी तुम्ही खुर्चीत आणि मी कॉफीत."

पेच्चीला एकदा किडनी मिळालेली होती. तिच्या आईची. ती चार वर्षे चालली आणि थांबली. आई त्यानंतर वारली. आता नात्यात देणारे कुणी उरले नव्हते. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दिली तरच मिळायची. त्यासाठी यादीत नाव घालून तिला पाच वर्षे झाली होती आणि नाव जवळजवळ वरच होते. तरी खालची माणसे एकामागून एक किडनी घेऊन घरी गेली, आणि पेच्ची माझ्याजवळच बसून राहिली.

असे का, ते आरोक्यमेरीने तिला एकदा समजावले होते आणि मीही तेव्हाच समजून घेतले. आपल्या रक्तात परक्याला ओळखणारे पहारेकरी असतात. बाईच्या पोटात मूल वाढते तेव्हा, दुसऱ्याचे रक्त चढवले तेव्हा आणि दुसऱ्याची किडनी बसवली तेव्हा हे पहारेकरी जागे होतात आणि मग जन्मभर विसरत नाहीत. पेच्चीची तीन बाळंतपणे झाली होती, त्यांतल्या एकात तिला चार बाटल्या रक्त चढवावे लागले होते आणि त्यावर आईची किडनी.

"तुझ्या रक्तात इतके वॉचमन झालेत," मेरी म्हणाली होती, "की पाहुणा फाटकातच मार खातो. शंभरातल्या शहाण्णव जणांची किडनी तुला चालणार नाही. चौघांपैकी कुणी येईल तोवर थांबायचं."

म्हणून मेरीने तिला एक नियम घालून दिला होता. जीव जात असला तरी आम्हाला विचारल्याशिवाय रक्त घ्यायचे नाही, कारण प्रत्येक बाटलीबरोबर नवे पहारेकरी येतात. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मेरी तिच्या रक्ताची एक छोटी नळी भरून वरच्या प्रयोगशाळेत पाठवी. ती तिथे थंड ठेवलेली असे. कुणाची किडनी मिळायची झाली की आधी त्या नळीतल्या रक्ताशी ताडून बघत. किडनी फार वेळ टिकत नाही. पेशंट घरून येईपर्यंत वाट बघत बसले तर तास वाया जातात, म्हणून ही सोय.

आता खरी गोष्ट सांगते. ती सांगताना माझ्या नळ्यांना अजूनही कापरे भरते.

त्या महिन्यात मेरी मुलीच्या लग्नासाठी तीन आठवडे रजेवर होती. पेच्ची कुलदैवताच्या जत्रेला माहेरी गेली आणि तिथे अंगावरून फार रक्त जाऊन ती भोवळ येऊन पडली. भावाने तिला जवळच्या लहानशा दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी तिचे पांढरे फटक डोळे बघितले आणि रक्त लावले. दोन बाटल्या. तिच्यात बोलायची ताकद नव्हती, आणि भावाला नियम माहीत नव्हता.

हे मला कळले, कारण पुढच्या शुक्रवारी माझ्या खुर्चीत बसून तिने नवऱ्याला ते हळू आवाजात सांगितले. मेरीच्या बदलीवर आलेली मुलगी दुसऱ्या टोकाला होती. सुडलैमुत्तूने इकडेतिकडे पाहिले.

"विचारलं तर सांग," तो म्हणाला. "नाही विचारलं तर कशाला ओढवून घ्यायचं? यादीतून नाव काढलं तर?"

नाव कुणी काढणार नव्हते. नवी नळी भरून घेतली असती, एवढेच. पण भ्यालेल्या माणसाला हे कोण सांगणार? मी सांगू शकत नव्हते. माझ्यातून तिचे रक्त जात होते आणि ते एरवीपेक्षा दाट होते. मी दोनदा ओरडले. बदलीच्या मुलीने येऊन बटण दाबले.

रक्त चढवल्यापासून एकविसाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, अवयवांच्या यादीचे काम बघणारा इळंगो धावतच आमच्या खोलीत आला. मेरी आदल्याच दिवशी रजेवरून परतली होती. पुलाखाली स्कूटर घसरून एक फरशी बसवणारा तरुण डोक्यावर पडला होता, त्याचा मेंदू मेला होता आणि आईने अवयव द्यायला होकार दिला होता. पेच्चीच्या महिन्याच्या नळीशी ताडून पाहिले होते. जुळले होते. मेरीने गळ्यातला क्रूस ओठांना लावला.

इळंगोने तिथेच उभे राहून पेच्चीला फोन लावला. मला त्याचीच बाजू ऐकू येत होती. त्याने विचारले, मागच्या नळीनंतर ताप आला का, कसली लस घेतली का, काही चढवले का. मग तो म्हणाला, "बाटली? बरं, बरं. अशक्तपणा होता ना? ठीक आहे अम्मा, निघा लगेच. काही खाऊ नका." आणि त्याने कागदावर बरोबरची खूण केली.

मित्रांनो, बाटली हा शब्द किती साधा आहे. आमच्याकडे अंग दुखले, थकवा आला, तोंडाला चव नसली तरी माणूस दवाखान्यात जाऊन बाटली चढवून येतो. मिठाच्या पाण्याची नाहीतर साखरपाण्याची. बाटली न चढवणाऱ्या डॉक्टरकडे इथे कुणी दुसऱ्यांदा जात नाही. इळंगोला तीच बाटली ऐकू आली. आणि पेच्चीने तोच शब्द निवडला होता, कारण त्यात खोटे काही नव्हते.

मी त्या वेळी ओरडायला हवे होते. पण मला नळ्या जोडलेल्या नव्हत्या. रक्त नसले की मी लोखंडाचे कपाट असते.

पेच्ची अकरा वाजता आली. केस ओलेच होते, अंगावर ठेवणीतली साडी होती. शस्त्रक्रियेआधी दोन तास मी तिचे रक्त साफ करायचे होते. मंगळवारी माझ्यावर जमालुद्दीनची पाळी असे. मेलूरच्या बेकरीत काम करणारा, दोन वर्षांपासून यादीत असलेला माणूस. त्याला त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत बसवले होते, आणि तेही उपाशी. त्या तरुणाची एक किडनी दुसऱ्या रुग्णालयाला जायची होती, आमच्या वाट्याला एकच, आणि इथे एका किडनीसाठी दोघांना बोलावतात. पहिल्याचे काही बिनसले तर दुसरा. दोघे एकमेकांना ओळखत होते, पण आज एकमेकांकडे बघत नव्हते.

काचेच्या दारापलीकडे बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा. कुणी दोनदा येऊन तिला काही सांगून गेले, तिने मान हलवली, पण डबा उघडला नाही. पेच्चीने मेरीला विचारले, त्या कोण.

"त्या मुलाची आई," मेरी हळूच म्हणाली. "त्याच्यासाठी आणलेला डबा आहे. बघू नकोस तिकडं."

पेच्ची तिकडेच बघत राहिली.

मेरीने सुया टोचल्या आणि तिचे रक्त माझ्यात आले. मला भीतीने घेरले. रक्त दाट होते. त्यातले दोन अनोळखी माणसांचे रक्त कुठे संपते आणि पेच्चीचे कुठे सुरू होते ते मला कळत नव्हते. एकवीस दिवसांत नवे पहारेकरी उठून उभे राहिले असतील तर? वरच्या मजल्यावरची नळी त्यांच्या आधीची होती. ती कोरी होती, आणि तिच्या भरवशावर सगळे निघाले होते. मी ओरडले तर पेच्चीच्या हातची किडनी जाणार होती. नाही ओरडले तर किडनीही जाणार होती आणि कदाचित पेच्चीही. मला ओरडायचे नव्हते. पण दाब वाढला आणि मी ओरडले.

मेरीने धपाटा घातला. "गप गं अळुमूंजी. आज रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध द्यायचं नाहीये, म्हणून दाटतंय. तुला काय कळतंय?"

तिचे म्हणणे अगदी खरे होते. शस्त्रक्रियेआधी ते औषध देत नाहीत आणि त्याविना कुणाचेही रक्त दाटते. माझे ओरडणे काहीच सिद्ध करीत नव्हते. पण पेच्चीने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. दहा मिनिटांनी मी पुन्हा ओरडले तेव्हा चारचौघांत चहाडी करणाऱ्या शेजारणीकडे बघावे तशी ती माझ्याकडे बघत होती.

तिसऱ्यांदा मी ओरडले. मेरीने हात उगारला. पेच्चीने मोकळ्या हाताने तिचे मनगट धरले.

"तिला मारू नका, अक्का. ती खरं सांगतेय."

"कोण?"

"ही. बाटली रक्ताची होती. दोन होत्या. जत्रेला गेले होते तेव्हा."

मेरी स्टुलावर बसली. तिने बोटांवर दिवस मोजले आणि इळंगोला फोन केला. दारातून सुडलैमुत्तू आत आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पेच्ची, पाच वर्षांनी दार उघडलं आणि तू स्वतःच लावून घेतेस?"

"ती बाई बाहेर डबा मांडीवर घेऊन बसलीय," पेच्ची म्हणाली. "तिच्या पोराचं आहे ते. मी फसवून पोटात घ्यायचं आणि आत नेऊन मारायचं? मग तिनं दिलं कशाला?"

इळंगो धापा टाकत आला. रागाने त्याचा आवाज चिरकला. "अम्मा, मी फोनवर विचारलं होतं तुम्हाला."

"आणि मी सांगितलं होतं, तंबी," धाकट्या भावाला म्हणावे तसे पेच्ची म्हणाली. "बाटली म्हणाले. तू पुढं विचारलं नाहीस, मी पुढं बोलले नाही."

इळंगोने हातातल्या कागदावरची बरोबरची खूण खोडली. मेरीने नवी नळी भरली आणि तो ती घेऊन पळाला.

निकाल यायला साडेचार तास लागणार होते. माझे दोन तास संपले, माझ्या नळ्या सोडवल्या, तरी पेच्ची तिथेच बसून राहिली. भीती काय असते ते मी चौदा वर्षांत खूप पाहिले आहे, पण तशी दुपार पुन्हा नको. वर डॉक्टर खोळंबले होते. जमालुद्दीनची बायको कोपऱ्यात ओढणी तोंडावर घेऊन पुटपुटत होती. सुडलैमुत्तू भिंतीकडे तोंड करून उभा होता. तीनच्या सुमारास जमालुद्दीनने तोंड उघडले.

"अक्का, तुम्हालाच मिळू दे असं म्हणावं म्हणतो, पण जीभ रेटत नाही."

"नका रेटू, भाई," पेच्ची म्हणाली. "मला पण तुमच्यासाठी म्हणवत नाहीये."

दोघेही थोडे हसले आणि लगेच थांबले.

इळंगो आला तेव्हा चालतच आला. धावत आला नाही, यावरूनच मेरीला कळले. त्या मुलाच्या पेशींवर पेच्चीचे ताजे रक्त घातले होते आणि ते काचेवरच त्यांच्यावर तुटून पडले होते. जुन्या नळीवर विसंबून किडनी बसवली असती तर टाके घालून होण्याआधीच ती काळी पडली असती, असे तो म्हणाला. तो हे पेच्चीच्या समाधानासाठी सांगत होता. पेच्चीने ऐकून घेतले. मग तिने पदर तोंडाशी धरला आणि ती रडली. आवाज न करता रडली, माझ्यासारखी नाही.

जमालुद्दीनला चाकांच्या खाटेवरून वर नेले. दारातून जाताना त्याने कपाळाला हात लावून पेच्चीला सलाम केला. तिने मान हलवली. त्याची किडनी आजही चालते आहे.

बुधवारी सकाळी सहा वाजता पेच्ची माझ्या खुर्चीत होती. सुडलैमुत्तू तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी तो कॉफी पिताना पाठ फिरवून प्यायला, तेवढेच त्याचे बोलणे. आणि पंधरा दिवसांनी तिच्या रक्ताची नवी तपासणी आली. तिने आकडा विचारला. मेरी इकडचे तिकडचे बोलू लागली, तेव्हा ती म्हणाली, "अक्का, आपल्यात आता झाकाझाकी नको."

"नव्व्याण्णव," मेरी म्हणाली.

म्हणजे शंभरातला एकच.

तेव्हापासून इळंगोच्या कागदावर प्रश्न बदलला आहे. 'काही चढवले का' या प्रश्नाखाली आता दुसरी ओळ आहे: 'बाटलीत काय होते?' मेरी मला धपाटा घालत नाही. आधी नळीकडे बघते, मग माणसाकडे, मग बटण दाबते. पण माझे दिवस भरत आले आहेत. दिवाळीनंतर मला भंगारात काढणार असे मी ऐकले आहे. भंगाराची मला फारशी भीती नाही. तिसऱ्या खुर्चीजवळ येणारी नवी मशीन फार गोड आवाजात ओरडेल आणि कुणी वळून बघणार नाही, याची आहे. पेच्चीचा हात सुयांनी जागोजागी फुगला आहे. तिच्या शिरा किती दिवस पुरतील ते मला ठाऊक आहे, आणि तो आकडा मी कुणाला सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर डॉक्टरांना अर्धे खरे सांगू नका आणि अर्धे ऐकून खूण करू नका. यंत्र जुने असले तरी त्याचे ओरडणे एकदा ऐकून घ्या. आणि आणखी एक मागणे आहे, ते मी भीतभीतच मागते. तुमच्या घरावर कधी त्या म्हातारीसारखी वेळ येऊ नये. पण आलीच, आणि कुणी येऊन अवयव द्याल का असे विचारले, तर नाही म्हणण्याआधी माझी पेच्ची आठवा. तुम्ही द्याल ती किडनी बहुधा तिच्या उपयोगाची नसेल. ती कुणा जमालुद्दीनला मिळेल. तशी नव्व्याण्णव घरांनी हो म्हटले, की मग कुठे पेच्चीचे घर येते.